डावखुऱ्या ताईचे पत्ते: घरगुती खेळांच्या बॉक्सचा सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

हा बॉक्स घरात येऊन आता सहा महिने झाले. आल्या आल्या रिव्ह्यू टाकायचा नाही हे मी ठरवलंच होतं, कारण पत्त्यांची आणि फाशांची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होतच नाही, पन्नास-साठ डाव व्हावे लागतात, एकदा तरी त्यावर पाणी सांडावं लागतं, एखाद्या पोराने सोंगटी तोंडात घालून बघावी लागते, मग कळतं वस्तू कशी आहे ते. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, असे सेट बरेच जण काढतात, घेताना काय बघायचं ते सांगितलं की पुरे.

आत काय आहे तर पत्त्यांचे दोन कॅट (एक लाल पाठीचा, एक निळ्या), घडीचा एक बोर्ड ज्याच्या एका बाजूला लुडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी, चार रंगांच्या 16 सोंगट्या, दोन फासे, गुण लिहायची एक छोटी वही आणि नियमांचा कागद. बस, एवढंच. बॅटरी नाही, ॲप नाही.

मी हा सेट एकाच गोष्टीवर तपासलाय. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान पोर एकाच डावात बसू शकतात का? आमच्याकडे सध्या एका टोकाला आई आहे, चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, आणि दुसऱ्या टोकाला ताईचा पाच वर्षांचा मुलगा, ज्याच्या मुठीत सात पानंसुद्धा मावत नाहीत. या दोघांना जमलं तर बाकीच्यांना जमणारच.

ही कसोटी माझ्या डोक्यात आली ती आजीमुळे. लहानपणी सुट्टीत दुपारी सतरंजी पडायची आणि आजी भिंतीला टेकून बसायची, तिच्या उजवीकडे काका, मग मी, मग आत्या, मग ताई, ही बसायची जागासुद्धा ठरलेली. मी सगळ्यात लहान म्हणून पहिली दोन-तीन वर्षं कच्चं लिंबू होते. म्हणजे मला पानं वाटली जायची, माझी पाळीही यायची, पण मी चुकले तर चूक धरायची नाही आणि हरले तर हरले म्हणायचं नाही. मला त्याचा इतका राग यायचा! एका दुपारी बदाम सात चालू होता आणि काका सवयीने म्हणाले की तिचं सोडा, ती कच्चं लिंबू आहे, तर आजी पानांवरून नजर न काढता म्हणाली, "आजपासून तिचे गुण लिहा रे." त्या दिवशी मी 38 गुणांनी शेवटची आले आणि तो आकडा वहीत माझ्या नावापुढे लिहिला गेला, आजही मला तो आकडा पाठ आहे, त्यानंतर जिंकलेला एकही आकडा आठवत नाही.

तर आता पत्ते.

आमच्या घरात माझ्या आठवणीत एकच कॅट होता, जाड कागदाचा, हात लागून लागून मऊ झालेला. त्यातली चौकट पंजी कधीतरी हरवली होती आणि एका जोकरवर पेनाने ठळक 5 लिहून चौकट काढली होती, तोच जोकर वर्षानुवर्षं पंजीचं काम करायचा. किलवर राणीचा एक कोपरा फाटलेला होता, त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना पाठीवरूनच कळायचं आणि ते माहीत नसल्यासारखं खेळायचं हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. बदाम राजाला मिशी नाही हे मला आत्याने दाखवलं, चार राजांत तो एकटाच बिनमिशीचा, आणि त्याची तलवार डोक्यामागे गेलेली असते. मग मी बाकीचे बघत बसले तर चौकट राजा बाजूने बघतोय, त्याचा एकच डोळा दिसतो, इस्पिक आणि बदाम गुलामांचंही तसंच. नव्या कॅटमध्ये हे सगळं जसंच्या तसं आहे, चित्रं जुन्या वळणाचीच ठेवलीत, कार्टून वगैरे केलेली नाहीत, आणि यासाठी मी कंपनीला मनापासून शाबासकी देते. भाच्याला मी पहिल्याच दिवशी बिनमिशीचा राजा शोधायला लावला, अर्धा तास घर शांत होतं. इस्पिक एक्क्यावरचं मोठं नक्षीदार चिन्हही ठेवलंय. ती नक्षी नुसती सजावट म्हणून आलेली नाही, इंग्लंडमध्ये 18व्या शतकात पत्त्यांवर सरकारी कर होता आणि तो भरल्याची खूण इस्पिक एक्क्यावर यायची, पुढे कर गेला पण एक्क्याचा थाट राहिला.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती वेगळीच आहे.

या पत्त्यांच्या चारही कोपऱ्यांत आकडा आणि चिन्ह छापलंय. वाचून वाटेल की यात काय एवढं. नेहमीचं कुठलंही पान उभं धरून बघा, आकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो, बाकीचे दोन कोपरे कोरे. उजवा माणूस पानं डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने ओढतो, त्याने पंखा उलगडला की प्रत्येक पानाचा वरचा डावा कोपरा दिसतो, सगळं नीट. डावखुरा माणूस पानं उजव्या हातात धरतो, त्याचा पंखा उलट्या बाजूला उलगडतो आणि त्याला दिसतात ते वरचे उजवे कोपरे. कोरे. तेरा पानांचे तेरा कोरे कोपरे.

माझी ताई डावखुरी आहे.

लहानपणी ती पत्त्यात सगळ्यात हळू होती, असं आम्ही सगळे म्हणायचो. तिची पाळी आली की ती पानं जवळ जवळ बंद करायची, परत उघडायची, एकेक पान वर सरकवून बघायची, आणि आम्ही ओरडायचो, टाक ना गं, झोपलीस का. काका तिला कितीदा तरी सांगायचे की पानं नीट धर, उलटी धरू नकोस, मग ती आमच्यासारखी धरायची आणि त्या हाताला सवय नाही म्हणून पानं सांडायची, सांडली की सगळ्यांना दिसायची, डाव मोडायचा, ती रडकुंडीला यायची आणि मग कुणीतरी म्हणायचं, रडीचा डाव खडी. मीसुद्धा म्हटलंय. मेंढीकोटात तिला भिडू म्हणून घ्यायला कुणी तयार नसायचं, फक्त आजी घ्यायची, न विचारता, "माझी भिडू ही" म्हणून. पुढे पुढे ताई पत्त्याला बसेनाशीच झाली, गुण लिहायचं काम घेतलं तिने, वही छान ठेवायची, आणि आम्ही समजलो की तिला पत्त्यांची आवडच नाही.

या बॉक्समधले पत्ते पहिल्यांदा वाटले त्या दिवशी ताई आली होती आणि चौथा भिडू कमी पडत होता म्हणून बळेच बसवली. तिने पानं उचलली, सवयीप्रमाणे उजव्या हातात धरली, उलगडली आणि थांबली. मग म्हणाली, "अगं, मला सगळी दिसतायत." मला आधी कळेचना ही काय म्हणतेय. तिने हात माझ्याकडे वळवून दाखवला, तेराच्या तेरा आकडे ओळीने दिसत होते, आणि मी आमचा जुना एक कॅट काढून तिच्या हातात तसाच दिला तर एकही आकडा नाही, नुसते पांढरे कोपरे. आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या बायका तिथे पत्ते धरून गप्प बसलो होतो. इतकी वर्षं ती हळू नव्हतीच, तिला दिसतच नव्हतं, आणि ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं कारण दुसऱ्याला काय दिसतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आजीला कळलं असेल का? ती पानं वाटून झाली की ताईची पानं स्वतः उचलून रंगाप्रमाणे लावून तिच्या हातात द्यायची हे मला नंतर आठवलं. तेव्हा आम्ही म्हणायचो की आजी पार्शालिटी करते.

म्हणून सगळ्यांना सांगणं आहे, घरात एक जरी डावखुरं मूल असेल तर पत्ते घेताना बॉक्सवरचा फोटो मोठा करून बघा, चारही कोपऱ्यांत आकडे आहेत का. नसतील तर दुसरे शोधा, असे पत्ते मिळतात. एवढी एक गोष्ट या सेटने केलीय, बाकी काही चांगलं नसतं तरी मी हा ठेवून घेतला असता.

बाकीचंही सांगते. आकडे मोठे आहेत, आईला समोरच्याने टाकलेलं पान वाकून न बघता कळतं, पंजी आणि छक्कीत गल्लत होत नाही. पानांची रुंदी मी पट्टीने मोजली, 57 मिलिमीटर, उंची 88. पत्त्यांच्या दोन साइज सर्रास मिळतात, दोन्हींची उंची तीच पण एक 63 रुंद आणि एक 57. अरुंदवाल्याला ब्रिजची साइज म्हणतात कारण ब्रिजमध्ये एकेकाला तेरा पानं धरायची असतात, तिथे सहा मिलिमीटरनेही मुठीत फरक पडतो. मेंढीकोट, बदाम सात असले खेळ चौघांत खेळणाऱ्यांनी अरुंदच घ्यावेत, आणि लहान मुलांच्या हातालाही तेच बरे. भाच्याला तरीही तेरा मावत नाहीत, तो पानं मांडीमागे लपवून ठेवतो आणि एकेक काढतो, चालतंय. त्याच्यासाठी आम्ही गुलामचोर जास्त खेळतो, जोड्या लागल्या की पानं कमी होत जातात म्हणून मुठीला झेपतं, आणि शेवटी गुलाम कुणाकडे राहिला हे बघताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, त्याला लपवताच येत नाही.

पानं प्लॅस्टिकची आहेत. पाणी सांडलं तेव्हा कोरड्या फडक्याने पुसली आणि पुढची उतारी झाली, कागदाच्या पत्त्यांचं त्या दिवशीच संपलं असतं. कोपरे अजून दुमडलेले नाहीत. पण सुरुवातीला भयंकर निसरडी होती, फरशीवर गठ्ठा ठेवला की आपोआप घसरून पसरायचा, खाली चादर किंवा सतरंजी हवीच. दोन-तीन आठवड्यांनी हाताला सरावली. पिसायला मात्र मस्त, अर्धी अर्धी करून एकात एक सोडायची पद्धत आहे ना, फर्रर्र आवाजाची, ती या पानांना फार छान जमते. आणि ती शिकाच, कारण बदाम सात संपल्यावर पानं रंगावार चढत्या क्रमाने गोळा होतात, तशीच थोडीफार वरखाली करून वाटली तर पुढच्या डावात आकड्यांचे तेच तेच पट्टे एकापाठोपाठ निघतात. 1992 साली बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं होतं की फर्रर्र पद्धतीने 52 पानं नीट मिसळायला साधारण 7 वेळा पिसावं लागतं. आमचे काका तीनदा पिसून वाटायचे आणि पानं खराब आली की आजी म्हणायची, "पिसली नाहीस तू." आजीचं बरोबर होतं.

बोर्डाकडे वळते. इथे माझं मत जरा बदललंय. सापशिडीची बाजू सुंदर आहे, आकडे ठळक, सापांची तोंडं आणि शेपट्या नेमक्या कुठल्या घरात आहेत यावर वाद होत नाही, आमच्या जुन्या बोर्डावर एक साप बरोबर दोन घरांच्या रेषेवर तोंड ठेवून होता आणि त्याच्यावरून किती दुपारी वाया गेल्यात. मोठं झाल्यावर मला सापशिडी बाळबोध वाटायला लागली होती, यात डोकं कुठे लागतं, सगळं फाशावर. पण आता आई आणि भाचा समोरासमोर बसतात तेव्हा कळतं की डोकं लागत नाही हेच तर पाहिजे! सत्तरी पार केलेल्या माणसाचा अनुभव तिथे कामाला येत नाही आणि पाच वर्षांच्या पोराचं अज्ञान आड येत नाही. तिथे कुणालाही कच्चं लिंबू करावं लागत नाही, पहिल्या दानापासून सगळे पक्के भिडू. भाचा जिंकतो तेव्हा त्याला कुणी जिंकू दिलेलं नसतं, आणि पोरांना हा फरक बरोब्बर कळतो. शंभर नंबर घरात अचूक दान पडूनच जायचं की जास्त पडलं तरी चालेल हे मात्र आधीच ठरवून घ्या, कागदावर लिहिलंय की अचूक पाहिजे, जास्त पडलं तर सोंगटी जागेवर.

लुडोची बाजू फसलीय. हिरवा आणि निळा इतके गडद घेतलेत की संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात, आईने दोनदा स्वतःची समजून माझी सोंगटी चालवली आणि नंतर तिला फार वाईट वाटलं, मला दिसतच नाही आता नीट, असं म्हणून ती अर्ध्यात उठली. हे व्हायला नको होतं. मी निळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि निळ्या घरातही पांढऱ्या खुणा केल्या, तेव्हापासून ठीक आहे, पण चार रंग निवडताना म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार कंपनीने करायला पाहिजे होता, विशेषतः ज्यांनी पत्त्यांच्या कोपऱ्यांचा इतका विचार केला त्यांनी. सोंगट्याही हलक्या, बोर्डाला जरा धक्का लागला की सोळाच्या सोळा नाचतात. बोर्डाची घडी बरोबर मधल्या घरातून जाते, तिथे सोंगटी तिरकी उभी राहते. पहिले काही दिवस रात्री जड पुस्तकाखाली दाबून ठेवला तर आता बराच सपाट झालाय.

फाशांपैकी एक घोटाळ्याचा निघाला. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी 7 येते, एकच्या पाठीमागे सहा, दोनच्या मागे पाच, तीनच्या मागे चार. आमच्या एका फाशावर दोनच्या मागे तीन होते. तशाने दान वाईट पडतं असं नाही, सहाही बाजू आहेत त्या आहेतच, पण मला ते बघून बेचैन व्हायला झालं आणि मी फोटो पाठवून तक्रार केली, नवीन फासा पाठवला त्यांनी, वेळ लागला पण पाठवला. भाच्याचा संशय होता की लाल फाशावर सहा पडतच नाही (लुडोत सोंगटी सुटायला सहा लागतात, आणि त्याची सुटत नव्हती), म्हणून आम्ही दोघांनी बसून तो 120 वेळा टाकला आणि त्याने रेघा मारल्या. प्रत्येक आकडा 20च्या आसपास यायला हवा, आमचा सगळ्यात कमी आलेला 16 वेळा आणि सगळ्यात जास्त 24 वेळा, सहा 19 वेळा. एवढा फरक पडतोच. त्याचं समाधान झालं, निदान त्या दिवसापुरतं.

नियमांच्या कागदाबद्दल थोडं. अक्षर मुंगीएवढं आहे, फोनवर फोटो काढून मोठा करून वाचावा लागतो. आणि वाचल्यावर कळतं की आपण लहानपणी शपथेवर सांगत होतो त्यातले कितीतरी नियम कागदावर नाहीतच. एकदा तरी कुणाची सोंगटी मारल्याशिवाय आपली सोंगटी घरात न्यायची नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम, यात नाही. तीन वेळा लागोपाठ सहा पडले तर पाळी जाते, हा आहे. बदाम सातमध्ये लावण्यासारखं पान असताना पास म्हणता येतं का यावर आत्या आणि काका आयुष्यभर भांडले, कागद म्हणतो नाही, पान असेल तर लावलंच पाहिजे, दोन-तीन लागत असतील तर कुठलं लावायचं एवढंच तुमच्या हातात. म्हणजे आत्या बरोबर होती. तिला फोन करून सांगितलं तर ती खूप वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, काका असते तर मी त्यांना जिंकू दिलं असतं आता.

मेंढीकोट या कागदावर नाहीये, झब्बूही नाही, माहीत असणाऱ्याने शिकवायचे. मेंढीकोट तर जरूर शिकवा, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, जी जोडी जास्त धरेल ती जिंकली, चारही धरल्या तर कोट. भिडूशी बोलायचं नाही, त्याने काय उतारी केली यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं. ताई आता यात इतकी तरबेज झालीय की काल तिने हुकुमाची दुर्री शेवटपर्यंत जपून ठेवून माझी दश्शी मारली. गेली कुठली कुठली पानं हे तिला सगळं लक्षात असतं, मला वाटतं इतकी वर्षं नुसती बघत बसून गुण लिहिले त्याचा हा परिणाम.

गुणांच्या वहीचा कागद पातळ आहे, पेनाची शाई मागे उतरते, आम्ही दुसरी साधी वही घेतली. बॉक्सचं झाकण एका बाजूने सुटायला लागलंय, चिकटपट्टी लावलीय. जोकर प्रत्येक कॅटमध्ये दोन आहेत, ते जपून ठेवा, एखादं पान हरवलं तर पेनाने आकडा घालून वापरता येतील, यांच्यावर साधं पेन उठत नाही, सीडीवर लिहायचं मार्कर लागतं, करून बघितलंय.

पत्त्यांना पाच पैकी पाच, सापशिडीला साडेचार, लुडोला अडीच, फाशांना तीन. हिरव्या-निळ्याबद्दल कंपनीला मी सविस्तर मेल लिहिलाय आणि दोन्ही सोंगट्यांचा दिव्याखालचा फोटो जोडलाय, उत्तर आलं की इथेच खाली टाकते.